थंडीत कॅम्परला कोणती बॅटरी लावावी?

१. प्रश्न नीट मांडू

हिवाळ्यात लडाखला किंवा स्पितीला स्वतःची कॅम्पर घेऊन जायचं ठरलं, की गाडी बांधून घेणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो: बॅटरी लिथियमची घ्यावी, की घरच्या इन्व्हर्टरला असते तशी शिशाची? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारे वाढलेही आहेत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून लाहौलला भर हिवाळ्यातही पोचता येऊ लागलं. अडचण अशी की पुण्या-मुंबईकडे बांधलेली गाडी इथल्या हवेचा विचार करून बांधलेली असते. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो. लेह आणि काझा ही गावं सुमारे साडेतीन हजार मीटर किंवा त्याहून उंचावर आहेत आणि जानेवारीत रात्रीचा पारा उणे १५ अंशांपर्यंत उतरणं तिथे नेहमीचं. कोकणात वर्षभर बिनतक्रार चाललेली जोडणी तिथे पहिल्याच सकाळी हात टेकते.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण 'थंडीत कोणती बॅटरी जास्त वीज देते' या अंगानं शोधतात. या प्रकरणाचं म्हणणं वेगळं आहे. थंडीत कुठलीही बॅटरी थोडी कमी देते. ती घट आधीच हिशेबात धरता येते आणि तिच्यामुळे सहल बिघडत नाही. सहल बिघडते ती बॅटरी वीज परत घेत नाही म्हणून. त्यामुळे बॅटरी निवडताना पहिला विचार चार्जिंगचा करायचा, आणि चार्जिंगचा विचार केला की बॅटरीच्या प्रकाराइतकीच तिची जागाही महत्त्वाची ठरते.

२. एका रात्रीला किती वीज लागते?

आधी मापं समजून घेऊ. दुकानदार 'शंभर एएच' म्हणतो ते अँपिअर-तास. म्हणजे एक अँपिअर प्रवाह शंभर तास, किंवा पाच अँपिअर वीस तास. पण उपकरणांवर आकडा असतो वॉटचा. तेव्हा अँपिअर-तासांना बॅटरीच्या व्होल्टेजनं गुणायचं, की वॉट-तास मिळतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. हजार वॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. गाडीतली अख्खी बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

आता दोन माणसांची थंडीतली एक रात्र घेऊ. डिझेलवर चालणाऱ्या हीटरला ऊब देण्यासाठी डिझेल लागतं, पण त्याचा पंखा आणि पंप विजेवर चालतात. सरासरी २५ वॉट धरले तर १४ तासांचे ३५० वॉट-तास. एलईडी दिव्यांचे ५०. मोबाईल, कॅमेरा, लॅपटॉप मिळून १५०. बारा व्होल्टवर चालणारं गरम पांघरूण ५० वॉटचं, सहा तास, म्हणजे ३००. पाण्याचा पंप आणि किरकोळ धरून ५०. एकूण ९००. फ्रिज यात धरलेला नाही, कारण या हवेत भाजी गार ठेवणं सोपं आणि ती गोठू न देणं अवघड. एक दिवस ढगाळ गेला किंवा रस्ता बंद होऊन गाडी जागची हलली नाही, तर दोन रात्री निघायला हव्यात. म्हणजे हाताशी १८०० वॉट-तास हवेत. यापुढचे सगळे आकडे या एका आकड्यावर उभे आहेत. आपली सवय वेगळी असेल तर आपला आकडा वेगळा येईल, पण आधी तो काढावा आणि मगच दुकानात जावं.

३. थंडीत बॅटरीच्या आत काय होतं?

बॅटरीत वीज साठवलेली नसते. तिच्यात दोन पदार्थ असतात, त्यांच्यात रासायनिक क्रिया झाली की वीज तयार होते. चार्ज करणं म्हणजे तीच क्रिया बाहेरून वीज देऊन उलटी फिरवणं. रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात आणि बॅटरीतला द्रवही घट्ट होतो. त्यातून दोन परिणाम होतात. एक, हाती लागणारी वीज घटते. शिशाची बॅटरी शून्य अंशाला साधारण १५ ते २० टक्के कमी देते आणि उणे १८ च्या सुमारास निम्म्यावर येते. गाड्यांमध्ये वापरतात त्या लिथियम बॅटरीत शून्याला ही घट १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असते. दोन, बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो, त्यामुळे मोठा प्रवाह मागितला की तिचं व्होल्टेज एकदम खाली बसतं.

हा दुसरा परिणाम कमी बोलला जातो, पण पहाटे चार वाजता गाठ त्याच्याशीच पडते. डिझेल हीटर चालू होताना त्यातला ग्लो प्लग लालबुंद तापावा लागतो आणि त्या दोन-चार मिनिटांत तो आठ-दहा अँपिअर ओढतो. अर्धी उतरलेली, गारठलेली शिशाची बॅटरी एवढा प्रवाह देताना साडेदहा-अकरा व्होल्टच्या खाली जाते. हीटरला वाटतं बॅटरी संपली, तो चूक दाखवणारा आकडा झळकवतो आणि बंद होतो. बॅटरीत वीज असते, पण ती वेळेला कामाला येत नाही. लिथियम बॅटरीचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, म्हणून तिच्यावर हा प्रसंग क्वचित येतो. देण्याच्या बाबतीत लिथियम सरस आहे. आता घेण्याकडे वळू.

४. शिशाची बॅटरी: नाही म्हणत नाही, पण घेतही नाही

शिशाच्या बॅटरीचा शोध फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. तिची पाठराखण करणारे सांगतात की ती शून्याखालीही चार्ज होते आणि लिथियमसारखी अडून बसत नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. थंडीत तिला चार्ज भरायला जास्त व्होल्टेज लागतं. २५ अंशाला १४.४ व्होल्ट पुरत असतील, तर उणे १० ला सुमारे १५ किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. चार्जरला बॅटरीच्या तापमानाची जाणीव करून देणारी तार जोडलेली नसेल, तर तो १४.४ वर पोचून 'भरली' असं समजतो. बॅटरी मात्र भरलेली नसते.

त्याहून मोठी अडचण वेळेची. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी वेगानं भरते, पण शेवटचे २० टक्के घ्यायला तिला चार-सहा तास लागतात आणि थंडीत त्याहूनही जास्त. डिसेंबरात कामाचं ऊन तर जेमतेम पाच तासांचं असतं. परिणामी ती रोज अर्धीमुर्धी भरते आणि रोज उतरते. असं सलग चाललं की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे जमतात, त्याला सल्फेशन म्हणतात, आणि तेवढी बॅटरी कायमची निकामी होते. शिवाय तिच्यातलं आम्ल स्वतः क्रियेत भाग घेतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल दाट असतं आणि उणे ५० लाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणी उरतं आणि ते शून्याखाली दहाच्या आसपासच गोठतं. गोठलं की फुगतं, पट्ट्या वाकतात, खोका तडकतो. म्हणजे शिशाची बॅटरी थंडी सोसते ती भरलेली असेपर्यंतच. तीच पूर्ण भरत नसेल, तर तिच्या काटकपणाचं कौतुक व्यर्थ आहे.

वजनही मोजू. आयुष्य टिकवायचं तर शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते. १८०० वॉट-तासांसाठी १२ व्होल्टवर १५० अँपिअर-तास, निम्मंच वापरायचं म्हणून ३००, त्यात थंडीची पाव घट धरली की ४००. बंद प्रकारच्या एजीएम बॅटरीचं वजन शंभर अँपिअर-तासांना साधारण ३० किलो असतं. म्हणजे चार बॅटऱ्या, १२० किलो. सारखी चढण असलेल्या रस्त्यावर हे दोन माणसांचं ओझं आहे.

५. लिथियम: शून्याखाली दार बंद

कॅम्परमध्ये वापरतात ती लिथियम बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, बोलताना एलएफपी. हा पदार्थ १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटानं मांडला. गुडइनफ यांना पुढे २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी विभागून मिळालं. २०० अँपिअर-तासांच्या एलएफपी बॅटरीचं वजन २५ किलोच्या आत-बाहेर असतं. १२.८ व्होल्टनं गुणलं तर २५६० वॉट-तास. थंडीची घट आणि थोडी शिल्लक वजा करूनही २००० हाती राहतात, म्हणजे आपल्या दोन रात्री निघतात. अर्धवट चार्ज राहिल्याचंही तिला काही वाटत नाही.

पण एक अट आहे आणि ती कडक आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि आत सरकत जाऊन जागा घेतात. शून्य अंशाखाली हे आत सरकणं फार मंदावतं. एसटीत आत जागा असूनही पुढचे प्रवासी सरकत नसतील आणि मागून रेटा चालूच असेल, तर दारातच गर्दी होते. इथेही तेच होतं. आत शिरू न शकलेलं लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात बसतं. त्यातलं बरंचसं परत वापरात येत नाही, म्हणजे क्षमता कायमची जाते. वारंवार घडलं तर त्या धातूचे काटे वाढून आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असतो. ही इजा बाहेरून दिसत नाही. बॅटरी गरम होत नाही, वास येत नाही, काही महिन्यांनी ती लवकर संपू लागते तेव्हा कळतं.

म्हणून बॅटरीवरचा लहान अक्षरांतला तक्ता वाचायला हवा. त्यात तापमानाच्या दोन वेगळ्या ओळी असतात. डिस्चार्जची साधारण उणे २० ते ६० अंश आणि चार्जची शून्य ते ४५ किंवा ५५. विक्रेते पहिली ओळ मोठ्यानं सांगतात, आपण दुसरी वाचायची. मग विचारायचं की आतली बीएमएस, म्हणजे पेशींवर लक्ष ठेवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी, शून्याखाली चार्जिंग स्वतःहून तोडते का. प्रत्येक बॅटरीत ही सोय नसते. स्वस्त बॅटऱ्यांत बीएमएस असते, पण काही वेळा ती फक्त व्होल्टेज आणि प्रवाह पाहते. सकाळी नऊला छतावरच्या सोलर पॅनलवर लख्ख ऊन येतं, त्या वेळी बॅटरी रात्रभराच्या थंडीनं उणे आठवर असते आणि पॅनलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या चार्ज कंट्रोलरला यातलं काही ठाऊक नसतं. तो मुकाट्यानं प्रवाह सोडतो. ही सोय नसलेली लिथियम बॅटरी थंड प्रदेशात नेऊ नये.

६. बॅटरी कुठे ठेवायची?

एवढं वाचून शिशाकडे परत वळावंसं वाटेल. पण शून्याखाली चार्ज करायचं नाही याचा अर्थ शून्याखालच्या प्रदेशात चार्ज करायचं नाही असा होत नाही. बॅटरीला गावाचं तापमान कळत नाही, तिच्या खोक्यातलं कळतं. आणि कॅम्परमध्ये माणसं झोपत असतात. ती आतली जागा दहा-पंधरा अंशांवर ठेवणारच. मग बॅटरी त्याच हवेत, पलंगाखाली किंवा बाकाखाली, बाहेरच्या पत्र्यापासून दूर ठेवली, तर ती सकाळी चार्ज घ्यायला तयार असते. उलट गाडीखाली चासीला टांगलेल्या पेटीत किंवा मागच्या डिकीत ठेवलेली तीच बॅटरी दुपारपर्यंत गारठलेली राहते. पेटीला फोम लावला की काम झालं असं समजू नये. फोम उष्णता तयार करत नाही, फक्त ती जायला उशीर लावतो. गाडी दोन दिवस बंद उभी राहिली, की फोमच्या आतही बाहेरचंच तापमान येतं.

त्यासाठी बॅटरीखाली तापणारी गादी, म्हणजे हीटिंग पॅड, लावतात. काही बॅटऱ्यांत ती आतच असते. 'मग सगळी वीज बॅटरी तापवण्यातच जाईल' ही शंका इथे हमखास येते, म्हणून आकडा काढू. २५ किलोची बॅटरी उणे १० वरून अधिक ५ वर आणायची, म्हणजे १५ अंश. अशा बॅटरीच्या एक किलोला एक अंश तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतं. २५ गुणिले १५ म्हणजे ३७५ किलोज्यूल, अर्थात सुमारे १०४ वॉट-तास. वाया जाणारी उष्णता धरून १५० म्हणू. २५६० पैकी १५०, म्हणजे सहा टक्के. शंभर वॉटची गादी हे काम दीड तासात करते. अट इतकीच की गादी दिवसभर चालू राहू नये. चार्जर वीज देऊ लागला आणि बॅटरी पाच अंशांखाली असली, तेवढ्यापुरतीच ती लागावी आणि शक्यतो चार्जरच्याच विजेवर.

बॅटरीची ऊब शेवटी हीटरवर अवलंबून आहे आणि हीटर डिझेलवर. मैदानातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं जमू लागतं. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं ते त्यासाठीच. उंचावरच्या विरळ हवेत हीटर काजळी धरतो, तेव्हा उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय असलेला हीटर घ्यावा. बंद गाडीत झोपायचं असल्यानं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय हीटर लावूच नये.

७. चार्ज येणार कुठून?

छतावरचं सोलर पॅनल थंडीत उलट चांगलं चालतं. तापमान उतरेल तसं सिलिकॉनचं पॅनल दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास जास्त देतं. पण सूर्य खाली असतो. लेह ३४ अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशच वर येतो. छतावर सपाट पडलेल्या पॅनलला तेव्हा थेट उन्हाचा जेमतेम ५४ टक्के भाग मिळतो. ४०० वॉटचं पॅनल निरभ्र दिवशी आठ-नऊशे वॉट-तास देईल, दरीत डोंगराची सावली आली तर निम्मंच. आपला रोजचा खर्च ९०० चा आहे, म्हणजे सोलर कसाबसा पुरतो. आणखी एक बारकावा: थंडीत पॅनलचं व्होल्टेजही वाढतं. साडेबावीस व्होल्टची तीन पॅनल ओळीत जोडली तर २५ अंशाला ६७.५ व्होल्ट होतात, पण उणे १५ ला त्यांचे ७५ च्या वर जाऊ शकतात. ७५ ची मर्यादा असलेला कंट्रोलर अशा सकाळी जळतो.

म्हणून हिवाळ्यात खरा आधार इंजिनाचा. आल्टरनेटर आणि राहत्या भागातली बॅटरी यांच्यामध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला तर तो तासाला सुमारे ४०० वॉट-तास भरतो. तीन तासांच्या प्रवासात दिवसाचा खर्च वसूल होतो आणि गाडी चालू असताना आतली हवाही उबदार असते, त्यामुळे बॅटरी घ्यायच्या स्थितीत असते. मध्ये चार्जर न बसवता थेट तार जोडू नये. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि सतत पूर्ण भारावर चालण्यासाठी न बनलेला आल्टरनेटर तापून जातो. इंजिन सुरू करायची बॅटरी मात्र शिशाचीच, वेगळी ठेवावी. तिचं काम काही सेकंदांचं असतं आणि लगेच ती पुन्हा भरली जाते, म्हणून ती भरलेलीच राहते.

८. काही आक्षेप

पहिला आक्षेप किमतीचा. उत्तर म्हणून चार्जिंगच्या फेऱ्या मोजून दाखवतात: एजीएम चार-सहाशे, एलएफपी दोन हजारांहून जास्त, म्हणून शेवटी लिथियम स्वस्त. वर्षभर गाडीत राहणाऱ्याला हे लागू पडतं. वर्षाकाठी दोन आठवडे जाणाऱ्याच्या त्या दोन हजार फेऱ्या त्याच्या हयातीत होणार नाहीत, त्याच्यापुरता हा हिशेब फसवा आहे. त्यानं वजन आणि भरायला लागणारा वेळ यांवर ठरवावं. रोज पाच-सहा तास गाडी चालवणार असेल आणि रात्रीचा खर्च ४०० वॉट-तासांच्या आत असेल, तर दोन एजीएम बॅटऱ्या त्याला पुरतात. घरची ट्युब्युलर बॅटरी मात्र स्वस्त असली तरी नको. तिच्यात वाहतं आम्ल असतं, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि आपण तिच्यावर अंथरूण घालणार आहोत.

दुसरा आक्षेप आगीचा. मोबाईलमध्ये असतात त्या कोबाल्टच्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा एलएफपी तापमानाला बरीच स्थिर असते. धोका जास्त असतो तारांत. २००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १६५ अँपिअरहून जास्त ओढतो. जाड तार आणि बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत.

तिसरा आक्षेप: शून्याखाली चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आहेत, मग हा खटाटोप कशाला? आहेत. लिथियम टायटनेटच्या बॅटरीत ग्रॅफाइटच नसतं, त्यामुळे ती कडक थंडीतही चार्ज घेते. पण ती महाग आणि तेवढ्याच विजेसाठी जड असते. सोडियमच्या बॅटऱ्याही थंडीत चांगल्या वागतात. चीनच्या सीएटीएलनं २०२१ मध्ये आणि पुण्याच्या केपीआयटीनं डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं तंत्रज्ञान जाहीर केलं. त्यांचं व्होल्टेज भरल्यापासून उतरेपर्यंत फार बदलतं, त्यामुळे बाजारातले बरेच इन्व्हर्टर त्यांच्यातली वीज शेवटपर्यंत काढू शकत नाहीत. सहा टक्के वीज खर्चून जो प्रश्न सुटतो, त्यासाठी सगळी जोडणी बदलणं आज तरी फायद्याचं नाही.

९. मग निवड कशी करायची?

आधी एका रात्रीचे वॉट-तास काढा. मग गाडी रोज किती चालणार आणि ऊन किती मिळणार, यावरून ते परत कसे भरले जातील ते पाहा. त्यानंतर झोपायच्या जागेत बॅटरीसाठी उबदार कोपरा निश्चित करा. असा कोपरा मिळाला तर एलएफपी घ्या. शून्याखाली चार्ज तोडणारी बीएमएस असलेली, आणि गाडी अधूनमधून बंद उभी राहणार असेल तर गादीसह. कोपरा मिळत नसेल, बॅटरी बाहेरच टांगावी लागणार असेल आणि खर्च कमी असेल, तर एजीएम घ्या, तापमान ओळखणारा चार्जर लावा आणि ती रोज पूर्ण भरेल इतकाच खर्च करा. घरी परतल्यावर गाडी थंडीत महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा. लिथियमची अर्धी भरून, चार्जिंगच्या तारा सोडवून ठेवा, आणि थंडी उणे २० च्या खाली जात असेल तर काढून घरात आणा. दुकानदार प्रकारापासून सुरुवात करेल, आपण चार्जिंगपासून करावी. या क्रमानं गेलं तर प्रकार कोणता घ्यायचा हे बहुतेक वेळा आपोआपच ठरतं.